चकती

दाब, म्हणतो लॉक्लन गाडीखालून.
मी दाबते.
धर.
मी धरते, आणि पेडल पायाखालून हळूच खाली जातं,
ओहोटीला धक्क्याशी बांधलेली होडी उतरते तसं.
सोड.

गेल्या जूनपासून आम्ही एवढं बोललो नव्हतो.

एप्रिल संपत आलाय. आखातात अजून बर्फाच्या लाद्या फिरताहेत,
आणि केप ब्रेटनच्या रस्त्यांवर हिवाळाभर ओतलेलं मीठ
आता गाड्यांच्या पोटात मुरलंय.
मागच्या उजव्या चाकाचं निपल
काल पान्यातच मोडलं,
खडीसाखरेसारखं, कडकन.
होजही फुगलेला होता. तोही बदलायचा ठरलं,
म्हणजे त्यानं ठरवलं,
मी फक्त दिवा धरून उभी होते.

होजच्या बोल्टला दोन बाजूंना दोन चकत्या असतात.
तांब्याच्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या.
काढल्या तेव्हा त्यांच्यावर वळं उमटली होती,
समोरच्या लोखंडात जिथे जिथे खोट होती
तिथे तिथे त्या चेपल्या होत्या.
त्यांचं कामच तेवढं. एकदाच चेपायचं,
आणि गळू द्यायचं नाही.

मी चिमटा घेऊन आले.
आमचे वडील जुनी चकती गॅसच्या जाळावर धरायचे,
लालभडक झाली की पाण्यात. चुर्र.
तांबं सगळं विसरतं, म्हणायचे, बघ, पुन्हा मऊ.
एक चकती त्यांनी सात-आठ वर्षं पुरवली असेल.
आमच्याकडे सगळंच असं पुरवलं जायचं,
बूट, दोर, एकमेकांवरचा राग.

लॉक्लननं माझ्या हातातून चकत्या घेतल्या
आणि शेडच्या दारातून पाण्याकडे भिरकावल्या.
एक पोचली. एक दगडांत पडली.
‘बोटीच्या इंजिनाला ते चालायचं, एफी.
बोट बंद पडली तर वाहत जाते.
तुला डोंगर उतरायचा असतो.’

बोट म्हणाला.
त्याच बोटीचं शेवंड पकडायचं लायसन्स त्यानं विकलं,
मला न विचारता, वडिलांचा कोट खुंटीवर असतानाच.
मी काही बोलले नाही.
रविवार होता, दुकान बंद.
गाडी रात्रभर तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर.

आज सकाळी शेतिकँपला जाऊन आलो, त्याच्या ट्रकमधून.
तेओतिमनं निपलचे पैसे घेतले, होजचे घेतले,
निपलवरच्या रबरी टोपीचेसुद्धा,
आणि चकत्या बरणीतून काढून
नुसत्या गल्ल्यावर सरकवल्या, सुट्ट्या नाण्यांसारख्या.
हे काय मोजायचं, म्हणाला.

दाब.
मुरांब्याच्या बरणीत बुडवलेल्या नळीतून
बुडबुडे येताहेत, मला दिसत नाहीत,
तो मोजतोय ते ऐकू येतं.
धर. अजून धर.
तो बंद करायच्या आत मी पाय उचलला
तर हवा परत आत जाईल आणि पहिल्यापासून सगळं.
मला तो दिसत नाही, त्याला माझा पाय दिसत नाही.
सोड.
किती वेळा झालं कुणास ठाऊक. मांडी भरून आली.
मग एकदा पेडल वरच थांबलं,
टणक, जमिनीसारखं.
‘आता?’ त्यानं विचारलं.
‘आता आहे,’ मी म्हटलं.

मडगार्डवर तेलाचा थेंब पडला होता. ते रंग खातं,
म्हणून त्यानं आधी तिथे पाणी मारलं, मग स्वतःच्या हातांवर.

फ्रेंच माउंटन उतरताना मी चालवत होते.
लायसन्सचं विचारलं नाही. विचारणार आहे.
तो शेजारी खिडकीबाहेर बघत होता, बर्फाकडे,
आणि प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय
पुढे जात होता, रबरी मॅटवर,
जिथे काहीच नाही तिथे,
दाबत होता,
धरत होता,
वळण सरळ झालं की सोडत होता.